माझ्या पत्त्यावर दुसराच

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. कागदाचा नव्हे, नाडीने बांधायचा तर नव्हेच. संगणकाच्या पोटात राहणारा, पडद्यावर पिवळ्या पाकिटासारखा दिसणारा. मला वजन नाही, वास नाही, धूळसुद्धा माझ्यावर बसत नाही. तुम्ही म्हणाल, मग याला कसलं आलंय आयुष्य आणि कसलं दुःख. पण एक गोष्ट माझ्या वाट्याला भरभरून आली. ती म्हणजे मत्सर. चांगला गुण नव्हे, ठाऊक आहे मला. तरी त्याच्याशिवाय माझी हकीकत सांगताच येणार नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, नकाशाखोलीत झाला. लांबट खोली, एका अंगाला खिडक्या, कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले मोठमोठे नकाशे, आणि खिडकीखाली एक संगणक. त्या संगणकापुढे ताई बसायच्या. नकाशे काढणं हे त्यांचं काम. वयाने थोर असलेलेही त्यांना ताईच म्हणत. एका सकाळी त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं आणि मी झालो. जन्मलो तेव्हा माझं नाव 'नवीन फोल्डर' होतं. तुमच्याही घरच्या संगणकात या नावाची दोन-चार पोरकी भावंडं पडलेली असतील, बघा कधी. मी अर्धा दिवस त्याच नावाने काढला. दुपारी डबा खाऊन, हात धुऊन ताई आल्या, माझ्यावर टिचकी मारली आणि लिहिलं, 'नळनकाशा'. राहायला त्या संगणकाचा 'डी' नावाचा कप्पा दिला. नाव मिळालं, पत्ता मिळाला. मी माणसांत आलो.

हळूहळू मी भरत गेलो. कापडावरचे जुने नकाशे बघून ताई एकेक रेघ माझ्यात उतरवत. जमिनीखालचे नळ निळ्या रेघांचे. टाक्या चौकोनी. आणि चाव्या लाल ठिपक्यांच्या. चावी म्हणजे रस्त्याखाली नळावर बसवलेली कळ, जी फिरवली की पाणी थांबतं आणि उलट फिरवली की धावतं. वरून एक लोखंडी झाकण तेवढं दिसतं, तेही नशीब असेल तर. शहरात अशा चारशे बारा चाव्या होत्या, आणि त्या कुठे कुठे आहेत हे एकाच माणसाच्या डोक्यात होतं. ते म्हणजे चावीवाले काका.

काका शिडशिडीत. खांद्यावर लांब लोखंडी दांडा, खिशात मेणकापडाच्या पुठ्ठ्याची वही. एकतीस वर्षं त्यांनी रोज पाणी सोडलं आणि बंद केलं. दर गुरुवारी दुपारी ते नकाशाखोलीत यायचे, दांडा दाराबाहेर टेकवायचे, आणि वही उघडून ताईंना आठवड्याच्या नोंदी सांगायचे.

"ताई, आज तीन सापडल्या. एक तर डांबराखाली झोपली होती."

"उठवलीत का मग?"

"उठवली. शिव्या देत उठली."

कार्यालयाने त्यांना जागा मोजायचं एक हातातलं यंत्र दिलं होतं. ते यंत्राने मोजायचेच, पण वर पावलांनीही मोजायचे. "यंत्राला उन्हात चक्कर येते, पायाला येत नाही," असं त्यांचं म्हणणं. चावी फिरवताना फेरे चुकू नयेत म्हणून ते गुणगुणायचे. ताईंनी एकदा हट्टाने ते म्हणून घेतलं, तेव्हा मीही ऐकलं:

पहिला फेरा उशाला, दुसरा फेरा पायाला,
तिसऱ्या फेऱ्याला पाणी गेलं निजायला.

असे ते दिवस. काकांच्या पायांनी चालावं, ताईंच्या बोटांनी लिहावं आणि ते सगळं माझ्या पोटात जपून राहावं. कुठे नळ फुटला की धावत माणसं येत आणि म्हणत, "ताई, नळनकाशा उघडा." माझं नाव घेतलं जाई. मित्रांनो, आपलं नाव कुणीतरी गरजेपोटी घेतंय, यासारखं सुख नाही. आठ वर्षं मी ते सुख एकट्याने खाल्लं. वाटेकरी नव्हता, म्हणून मत्सर काय असतो तेही ठाऊक नव्हतं.

नवव्या वर्षी सर्व्हर आला.

व्हरांड्याच्या टोकाला त्याच्यासाठी खास खोली केली. काचेचं दार, आत गारवा, आणि मधोमध काळं कपाट. त्यावर निळे दिवे लुकलुकत. तोही संगणकच, पण सगळ्या संगणकांना वाढणारा, एकाच वेळी शंभर जणांना नकाशा दाखवू शकणारा. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे ते थेट काचेच्या दाराशी. वाटेत आमची खोली लागे. आत डोकावूनसुद्धा कुणी बघत नसे. माझा नुसता तिळपापड व्हायचा. त्याच्या पोटात अजून एक रेघ नव्हती, एक ठिपका नव्हता, आणि कौतुक मात्र नव्या नवरीसारखं.

त्याची देखभाल करायला एक तंत्रज्ञ होता. खोलीत गारठा, म्हणून तो बाराही महिने स्वेटर घालून असायचा, आणि सगळे त्याला स्वेटरच म्हणायचे. माणूस हुशार, हातचा चपळ, फक्त केलेलं काम लिहून ठेवायचा कंटाळा. सर्व्हर नीट चालतो का हे बघण्यासाठी त्याने एकदा पेनड्राइव्हवर माझी नक्कल नेली आणि सर्व्हरच्या कप्प्यात ठेवली. तोही कप्पा 'डी'च. नकलेचं नावही तेच, 'नळनकाशा'. चाचणी झाली. स्वेटर चहा प्यायला गेला आणि ती नक्कल तिथेच राहिली.

मला वाटलं, गेली असेल पुसली. चाचणीच्या गोष्टी पुसतात ना.

दोन महिन्यांनी साहेबांनी ठरवलं की नळजोडणी करणाऱ्या माणसांना फोनवर नकाशा दिसला पाहिजे. फुटलेल्या नळापाशी उभं राहायचं, फोन काढायचा, जवळची चावी बघायची. नकाशा सर्व्हर दाखवणार. पण त्यातला माल? माल तर माझ्याकडे.

इथे तुम्हाला एक रीत समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सर्व्हरला दुसऱ्या संगणकातला माल वाचायचा असला तर त्या फोल्डरची आधी त्याच्या दप्तरी नोंद करावी लागते. नोंद नसली तर नकाशा चढवताना तो सगळ्या मालाची नक्कल करून आपल्याकडे नेतो, आणि पुढे इकडे कितीही दुरुस्त्या झाल्या तरी तिकडे पत्ता लागत नाही. नोंद असली तर तो थेट मूळ घरी येऊन वाचतो. आज ठिपका हलला की आजच सगळ्यांना हललेला दिसतो.

म्हणजे माझी नोंद होणार होती. काचेच्या दारामागच्या त्या काळ्या कपाटात माझं नाव लिहिलं जाणार होतं. खोटं कशाला बोलू, मी फुगलो.

ताईंनी नोंदीचा फॉर्म उघडला. त्यात दोन चौकटी होत्या. पहिली, तुमच्या संगणकावरून फोल्डर कुठे दिसतो. दुसरी, सर्व्हरवरून तोच फोल्डर कुठे दिसतो. ताईंनी पहिल्या चौकटीत लिहिलं, 'डी, नळनकाशा'. दुसरीखाली बारीक अक्षरांत होतं, 'वरचाच पत्ता', आणि तिथे बरोबरची खूण आधीपासूनच होती. ताईंनी ती तशीच राहू दिली.

चूक इतकीशी, मित्रांनो. 'मागच्या खोलीत ठेवलंय' असं तुम्ही कुणाला निरोपात कळवलंत, तर तो आपल्याच घराच्या मागच्या खोलीत जाऊन शोधणार. डी कप्पा ज्याचा त्याचा असतो. सर्व्हरला 'डी' म्हटलं की तो स्वतःच्या डी कप्प्यात बघणार. खरं तर तिथे काहीच नसतं, तर 'तपासा' बटण दाबताच लाल फुली आली असती आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. पण तिथे तो होता. माझ्या नावाचा, माझ्या पत्त्याचा, विसरून राहिलेला.

स्वेटरने बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"झालं ताई. एका फटक्यात."

"इतकं सोपं असतं?"

"माझा हात लागला की असतं."

नकाशा चढला. साहेबांनी बैठकीत सर्व्हरचं कौतुक केलं. मी दाराशी कान लावून बसलो, आता येईल, आता वाचेल. एक दिवस गेला, आठ गेले. दुसऱ्या संगणकाने आपल्याला उघडलं की आपल्याला कळतं, पाऊल वाजतं. माझ्याकडे कुणाचंच पाऊल वाजलं नाही. तिकडे फोनवर नकाशा तर दिसत होता. मग तो वाचत कुणाला होता?

त्या दिवशी मला पेनड्राइव्ह आठवला, आणि सगळा उलगडा झाला.

वर्गात हजेरी घेताना तुमचं नाव पुकारलं जावं आणि दुसऱ्याच कुणीतरी उठून 'हजर' म्हणावं, असं झालं होतं. काकांच्या उन्हातल्या फेऱ्या मी जपलेल्या, ताईंच्या डोळ्यांची आग मी बघितलेली, आणि गारव्यात बसून माझ्या नावाने मिरवत होता तो. ना त्याने काकांचा आवाज ऐकला होता, ना कधी एक ठिपका सांभाळला होता. सवतीचाही इतका राग कुणी केला नसेल.

मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी सांगू शकलो असतो. पण तोंड असतं तरी मी बोललो नसतो. मला हवं होतं की तो एकदा तोंडघशी पडावा. सगळ्यांसमोर, चांगला दाणकन.

वर्ष गेलं. मधल्या काळात मोठा रस्ता रुंद झाला, त्रेसष्ट चाव्या जागेवरून हलल्या. काकांनी एकेक पुन्हा मोजली, ताईंनी एकेक ठिपका माझ्यात सरकवला. ताईंच्या पडद्यावर सगळं बिनचूक. फोनवर मात्र वर्षापूर्वीचं शहर गोठून बसलं होतं. कुणी ताडून बघितलं नाही, कारण काका कामावर असेपर्यंत फोनवर बघून चावी शोधायची वेळच येत नव्हती. काका थेट चावीवर जाऊन उभे राहायचे.

काकांच्या निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. ते लेकीकडे गेले होते, एका दिवसाची रजा टाकून. नेमका त्याच दुपारी पत्रपेटीच्या कोपऱ्यावर मोठा नळ फुटला. दोन नवे जोडारी, म्हणजे नळ जोडणारी पोरं, धावली. फोनने दाखवलं तिथे खणलं. चावी नाही. अजून खणलं. नाही. पाऊण तास पाणी वाहत राहिलं आणि शेजारच्या बुकबाइंडरच्या तळघरात शिरलं. बांधून तयार असलेल्या शाळेच्या वह्यांचे गठ्ठे भिजून फुगले. शेवटी कुणीतरी वरच्या टाकीवरून अर्ध्या शहराचं पाणी बंद केलं.

बातमी व्हरांड्यातून आमच्या खोलीत आली तेव्हा, मित्रांनो, मी खूश झालो. पडला एकदाचा, म्हटलं. मिरवत होता ना माझ्या नावाने, भोग आता.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणीच सर्व्हरला काही बोललं नाही. बोलले ते काकांना.

साहेब नकाशाखोलीतच आले. "काका, त्या कोपऱ्यावरची चावी तुम्हीच मोजली होती ना?"

"हो. पत्रपेटीपासून पूर्वेला सात पावलं."

"पोरांनी दाखवलेल्या ठिकाणी खणलं. तिथे काही नव्हतं. तुमच्या नोंदीचा ठिपका चुकलाय."

काकांनी वही उघडून ती नोंद पाहिली. मग म्हणाले, "मी मोजलं तेच सांगितलं, साहेब."

"वय होतं, काका. नजर फसते. माणसाचा दोष नाही त्यात."

साहेब वाईट नव्हते, आवाजही चढला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. साहेब गेल्यावर काका स्टुलावर बसून राहिले. वही उघडायचे, मिटायचे. शेवटी ताईंना म्हणाले, "एक चुकली असेल तर बाकीच्यांचं काय, ताई? त्रेसष्ट नव्याने मोजल्यात मी." आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच दांडा घेऊन निघाले. पुन्हा पावलं मोजायला.

मी ज्याच्यावर जळत होतो त्याला ओरखडाही आला नव्हता. ज्यांनी मला एकेका पावलाने भरलं, त्यांच्याच डोक्यावर सगळं आलं होतं.

गुरुवारी साहेबांच्या टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. त्याची प्रत ताईंकडे आली. चावीवाल्याच्या मोजणीच्या सर्व नोंदी अविश्वसनीय समजाव्यात, नकाशातून काढून टाकाव्यात, नवी मोजणी बाहेरून करून घ्यावी. तसा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात. कागद पाच वाजता वर जाणार होता. चारशे बारा ठिपके माझ्यातून पुसले जाणार होते, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट त्या एका शेऱ्याने होणार होता.

ताईंनी मला उघडलं. पत्रपेटीचा कोपरा काढला. लाल ठिपका सात पावलांवर, जिथे असायला हवा तिथेच. मग त्यांनी फोन शेजारी धरला. फोनवर ठिपका रस्त्याच्या पार मधोमध.

"माझ्याकडे बरोबर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि तिकडे चूक." त्यांनी स्वेटरला हाक मारली.

स्वेटर हात चोळत आला. "जुनी चित्रं साठून राहिली असतील, ती पुसतो." पुसली. ठिपका हलला नाही. "सेवा बंद करून चालू करतो." केली. ठिपका तिथेच. त्याने नोंद उघडली, 'तपासा' दाबलं. हिरवी खूण.

"हे बघा, हिरवं. माझ्याकडून काही नाही, ताई. तुम्ही जतन करायला विसरला असाल."

"वर्षभर? रोज?"

"मी आपलं एक शक्यता म्हणून सांगितलं."

"तुझ्या शक्यता तुझ्या स्वेटरात ठेव."

त्याच वेळी काका दारात आले. गुरुवार होता, सवयीने आले होते. त्यांनी दोघांचं ऐकलं. "मला यातलं कळत नाही," ते म्हणाले, "पण एक विचारू? सर्व्हर ताईंच्या मशीनमधलं वाचतो ना?"

"हो, थेट. नोंद आहे तशी," स्वेटर म्हणाला.

"गेल्या महिन्यात ताई बहिणीकडे गेल्या होत्या. चार दिवस हे मशीन बंद होतं. पोरं तर रोज फोनवर नकाशा बघत होती. मग तो चार दिवस काय खाऊन जगला?"

ताईंनी स्वेटरकडे बघितलं आणि संगणक बंद केला. मी मिटलो.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. माझं घर बंद असताना स्वेटरने सर्व्हरवरून पुन्हा 'तपासा' दाबलं. तरीही हिरवी खूण. मी नसताना, मी आहे असं तो सांगत होता. स्वेटर काचेच्या दाराआड गेला, सर्व्हरचा डी कप्पा उघडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा कान लाल झाले होते.

"तिथे एक नळनकाशा आहे. चौदा महिन्यांपूर्वीचा. मीच ठेवला होता चाचणीला." मग हळूच म्हणाला, "मी तो काढून नोंद बरोबर करतो. पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला कळायचं नाही."

ताई म्हणाल्या, "नोंद कर. पण कळलं पाहिजे. काकांचा कागद पाचला जातोय."

संगणक चालू झाला, मी डोळे उघडले. या वेळी ताईंनी 'वरचाच पत्ता' ही खूण काढली. दुसऱ्या चौकटीत आधी या संगणकाचं नाव लिहिलं, मग माझं. अमक्याच्या घरातली मागची खोली, असा पुरता पत्ता. स्वेटरने बटण दाबलं.

लाल फुली.

"अरे देवा," ताई म्हणाल्या.

स्वेटर मात्र हसला. "ताई, ही फुली चांगली आहे. आता तो खऱ्या दाराशी आलाय. दार बंद आहे म्हणून ओरडतोय. त्याच्या खात्याला तुमच्या फोल्डरमध्ये वाचायची परवानगीच नाही. वर्षभर कुणाला लागलीच नव्हती ना."

परवानगी दिली. पुन्हा बटण. हिरवं. नकाशा नव्याने चढवला. आणि मित्रांनो, माझ्या दाराशी पहिल्यांदा सर्व्हरचं पाऊल वाजलं. ज्याच्यावर मी वर्षभराहून जास्त जळलो, तो इतक्या अदबीने आत आला, एकेक ठिपका वाचून जसाच्या तसा ठेवून गेला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने कधी माझं काही घेतलंच नव्हतं. त्याला चुकीचा पत्ता दिला होता, तिथे तो इमानाने जात होता.

साडेचारला दोघं साहेबांपुढे उभे राहिले. खोलीचं दार उघडं होतं, म्हणून व्हरांड्यात उभ्या असलेल्या काकांनीही ऐकलं.

"साहेब, चूक माझी," स्वेटर म्हणाला. "चाचणीची नक्कल मी काढली नाही."

"नाही साहेब, माझी. फॉर्ममधली ती खूण मी वाचलीच नाही," ताई म्हणाल्या.

"नक्कल नसती तर खूण पकडली गेली असती."

"खूण नीट बघितली असती तर नक्कल नडली नसती."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघं चुकीवरून भांडताय का? चूक तरी एकेक वाटून घ्या. मला एवढंच सांगा, काकांची मोजणी बरोबर की नाही?"

"चला, बघू," ताई म्हणाल्या.

ते सगळे पत्रपेटीच्या कोपऱ्यावर गेले. मी जाऊ शकत नव्हतो. पण पाचला दहा मिनिटं असताना एका फोनने सर्व्हरला तो कोपरा विचारला, सर्व्हरने मला विचारला, आणि मी दिला. कोण कुठे उभं आहे ते मला त्यावरूनच कळलं. फोनने दाखवलं तिथली माती बाजूला सारली, आणि खाली लोखंडी झाकण निघालं. साहेबांनी स्वतः पत्रपेटीपासून पावलं टाकून बघितली म्हणे. सात आणि थोडं वर. "पाय लहान आहेत तुमचे, साहेब," काका म्हणाले. कागद वर गेला नाही.

माझ्या त्या नकलेचं काय झालं, विचाराल. स्वेटर तिला पुसायला निघाला होता, आणि मनातून मी म्हणत होतो, पूस, पूस. ताईंनी त्याला थांबवलं. तिचं नाव बदललं: जुनी नक्कल, वाचू नये, आणि पुढे तारीख. मग मलाही त्या एकट्या संगणकातून हलवून सगळ्यांच्या सामायिक साठ्यात ठेवलं, कारण शहराचा नकाशा एका माणसाच्या रजेवर अवलंबून ठेवणं बरं नव्हे. आता दर शुक्रवारी माझी एक प्रत निघते, तारीख घालून, लिहून. ती निघताना माझ्या पोटात अजूनही बारीक कळ येते. स्वभाव आहे, लगेच जात नाही.

काकांचा शेवटचा दिवस आला. दुपारी निरोपाचं बोलणं झालं, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की काकांच्या चारशे बारा ठिपक्यांवर हे कार्यालय डोळे मिटून विश्वास ठेवतं. टाळ्या झाल्या. त्यानंतर काका नकाशाखोलीत आले, दांडा बाहेर टेकवला, वही उघडली.

"ताई, एक ठिपका हलवायचाय."

"आज? कुठला?"

"मैदानाच्या मागचा. त्या दिवसापासून त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुन्हा मोजत होतो. आज सकाळी संपल्या. बासष्ट बरोबर आहेत. हा एक माझाच चुकलाय, चार पावलांनी. कुंपणाचा खांब मोजताना पलीकडचा धरला."

ताई म्हणाल्या, "काका, मघाशीच साहेब सगळ्यांसमोर..."

"म्हणूनच तर. आता कुणी तपासणार नाही."

ताईंनी ठिपका धरला, चार पावलं सरकवला, जतन केला. शेजारच्या रकान्यात, कोणी मोजलं, कधी मोजलं, ते लिहिलं. काकांनी खिशातून फोन काढला. फोन त्यांना कार्यालयाने आदल्याच आठवड्यात दिला होता आणि तो ते दोन्ही हातांनी धरायचे. माझ्या दाराशी पाऊल वाजलं. मी ठिपका दिला. काकांच्या फोनवर तो चार पावलं पुढे झाला.

"हललं," काका म्हणाले, आणि फोन परत ताईंच्या टेबलावर ठेवून गेले. तो कार्यालयाचा होता.

मित्रांनो, मी सगळा वेळ माझ्या नावाचा हिशेब करत बसलो होतो. कोण ते घेतं, कोण त्याच्यावर मिरवतं. आणि ज्यांचं नाव धुळीला मिळता मिळता वाचलं होतं, त्यांनी ते मिळालेलं नाव चार पावलांसाठी पुन्हा पणाला लावलं, का तर उद्या मैदानामागे कुणीतरी पाणी बंद करायला उभं राहील.

तुम्हीही मोठे होऊन काहीतरी जपाल. वह्या असतील, नकाशे असतील, दुसऱ्यांच्या कष्टाच्या नोंदी असतील. त्यांची प्रत जरूर काढा, पण कोणती खरी आणि कोणती जुनी ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पत्ता लिहाल तो ऐकणाऱ्याच्या घरातून वाचून बघा. हिरवी खूण आली तरी ती कुणासाठी आली, एवढं विचारा. आणि काही बिघडलं, तर राबलेल्या माणसाच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा तुमचं मशीन बंद करून बघा.

मैदानामागे अजून नळ फुटलेला नाही. पण काल एका नव्या जोडाऱ्याने तो ठिपका उघडून बघितला. नुसताच, शिकायला म्हणून. रकान्यातलं नाव वाचायला तो थोडा थांबला, आणि तेवढा वेळ मी दार उघडं धरून उभा होतो.